विश्लेषण : शिसेयुक्त पेट्रोल आणि ‘सीएफसी’... दोन घातक शोध एकाच इंजिनीअरचे कसे?

इंजिनची ठकठक थांबवणारे शिसेयुक्त पेट्रोल आणि ओझोनचा थर विरळ करणारा सीएफसी वायू, हे दोन्ही शोध अमेरिकेच्या थॉमस मिजली यांच्या नावावर आहेत. धोका आधीच ओळखता आला असता का? पेट्रोलच्या बाबतीत तो ओळखला गेलाही होता.

मिजली कोण होते?

जन्म १८८९, पेनसिल्व्हेनियातला. कॉर्नेल विद्यापीठाची पदवी मेकॅनिकल इंजिनीअरिंगची, पण नाव झाले रसायनशास्त्रात. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत त्यांनी असंख्य पदार्थ पेट्रोलमध्ये मिसळून पाहिले. डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राइथिल लेड सापडले. अगदी थोडे मिसळले तरी ठकठक बंद! इथेनॉलनेही हे काम होत होते, पण त्याचे पेटंट मिळणे शक्य नव्हते. बाजारात नवे मिश्रण आले ते ‘इथिल’ या नावाने. शिशाचा उल्लेख नावात नव्हता.

शिसे विषारी, हे माहीत नव्हते का?

चांगलेच माहीत होते. १९२३ मध्ये खुद्द मिजली यांनाच शिशाची बाधा झाली आणि ते विश्रांतीसाठी फ्लोरिडाला गेले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे रिफायनरीत पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. त्याच महिन्यात मिजली यांनी पत्रकारांसमोर हे रसायन हातावर चोळले आणि सुमारे मिनिटभर हुंगूनही दाखवले.

मे १९२५ मध्ये सरकारने परिषद बोलावली. हार्वर्डच्या डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी मुद्दा मांडला तो कारखान्याबाहेरचा : गाड्यांच्या धुरातून रस्त्यावर साचत जाणाऱ्या शिशाचे काय? त्यावर समिती नेमली गेली. तिने काही महिन्यांत चालक आणि गॅरेज कामगारांची तपासणी केली आणि जानेवारी १९२६ मध्ये बंदीला पुरेसा आधार नसल्याचे सांगितले. वर्षानुवर्षे शरीरात साठत जाणारे विष इतक्या कमी वेळात दिसणार तरी कसे? विक्री पुन्हा सुरू झाली. भारतात हे पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, तर अल्जीरियात थेट २०२१ मध्ये.

सीएफसीची चाचणी झाली होती का?

झाली होती. तेव्हाच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असे. गळती झाली की जीव धोक्यात. मिजली यांच्या गटाने १९२८ मध्ये पर्याय शोधला. १९३० मध्ये त्यांनी तो वायू श्वासात घेऊन त्याच फुंकरीने मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटतही नाही, दोन्ही खरे होते. मात्र सुटलेला वायू पुढे कुठे जातो, हे कोणी तपासलेच नाही. तो सहज विघटित होत नाही. त्यामुळे तो थेट स्थितांबरात पोहोचतो, तिथे अतिनील किरणांनी त्यातला क्लोरीन सुटतो आणि ओझोन नष्ट करतो. हे गणित मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले. मॉन्ट्रियल करार झाला १९८७ मध्ये.

मिजली यांचे पुढे काय झाले?

१९४० मध्ये त्यांना पोलिओ झाला. पलंगावरून उठता यावे म्हणून त्यांनी दोर आणि कप्प्यांची यंत्रणा बनवली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोरात गळा आवळला जाऊन त्यांचा मृत्यू झाला. ते ५५ वर्षांचे होते आणि त्या वर्षी अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्षही होते.