बंदर निवडणारा माणूस

सर्क्युलर कीहून मॅनलीची फेरी पकडली की उजव्या हाताला आधी ऑपेरा हाऊस लागतं आणि मग गार्डन आयलंडला उभ्या करड्या युद्धनौका. इतकी वर्षं रोज बघूनही हे बंदर इथंच का, हा प्रश्न मला पडला नव्हता. मग लेकीला शाळेत आर्थर फिलिपवर प्रोजेक्ट मिळाला आणि अर्थातच अभ्यास बाबाच्या गळ्यात पडला!

फिलिप १७३८ साली लंडनमध्ये जन्मला. वडील भाषा शिकवायचे. पोरगा ग्रिनिचच्या शाळेतून थेट जहाजावर गेला. युद्ध असलं की नौदलात, संपलं की अर्ध्या पगारावर घरी. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत, 'बेंचवर'. मधली काही वर्षं तर तो पोर्तुगालच्या नौदलातही राबला.

१७८६ मध्ये त्याला नव्या वसाहतीचा गव्हर्नर नेमलं. ११ जहाजं आणि सातशेहून जास्त कैदी घेऊन १३ मे १७८७ ला तो पोर्ट्समथहून निघाला आणि आठ महिन्यांनी बॉटनी बेला पोचला. ही जागा लंडनमध्ये कागदावर ठरली होती, कुकच्या १७७० च्या सफरीवरून. प्रत्यक्षात उपसागर उथळ, वाऱ्याला उघडा आणि गोडं पाणी अपुरं.

फिलिप तीन होड्या घेऊन उत्तरेला गेला. कुकने बाहेरूनच पाहून नाव दिलेलं पोर्ट जॅक्सन तिथे होतं. कड्यांमधून आत वळलं की शांत पाणी. समुद्र वाढून बुडालेलं नदीचं खोरं ते, म्हणून आत असंख्य छोट्या खाड्या आणि पाणी अगदी काठापर्यंत खोल. त्यातली एक त्याने निवडली, कारण तिथे गोड्या पाण्याचा ओढा होता आणि जहाजं किनाऱ्यालगत लागत होती. २६ जानेवारी १७८८ ला मुक्काम हलला. 'सिरियस'च्या खलाशांनी जवळच्या बेटावर भाजीपाला लावला, तेच गार्डन आयलंड. दुसऱ्या महायुद्धात गोदी बांधताना ते जमिनीला जोडलं गेलं. आज तिथे नौदलाचा तळ आहे.

दुष्काळात त्याने कैदी आणि अधिकाऱ्यांना सारखंच रेशन दिलं, स्वतःचं पीठही सरकारी कोठारात टाकलं. पण ही खाडी गॅडिगल लोकांची होती. १७८९ मध्ये देवीच्या साथीत त्यांच्यातले कितीतरी गेले. त्याच वर्षी फिलिपने बेनेलाँगला पकडून आणवलं. १७९० मध्ये मॅनलीला फिलिपच्या खांद्यात भाला घुसला, तेव्हा त्याने बदला घेऊ दिला नाही. मात्र त्याच डिसेंबरात, त्याच्या शिकाऱ्यावर भाला पडल्यावर, त्याने माणसं मारून आणायला शिपाई पाठवले. त्यांच्या हाती कुणी लागलं नाही. तब्येत ढासळल्याने १७९२ मध्ये तो परतला. १८१४ मध्ये बाथला वारला.

लेकीने विचारलं, "बाबा, मग तो चांगला की वाईट?" मला एका शब्दात सांगता येईना. बाहेरून येऊन याच पाण्याकाठी संसार थाटलेला मीही एक. शेवटी आम्ही बंदराचा नकाशा काढला. 'सिडनी कोव्ह' लिहिल्यावर तिनेच शेजारी जुनं नावही लिहिलं, 'वॉरान'. ओढ्याची निळी रेघ मी ओढली. तो ओढा अजून वाहतो म्हणे, आमच्या ऑफिसांच्या इमारतींखालून.