ओसरीवरचा म्हातारा : पॅट्रिक माइनहार्ट

दक्षिण आफ्रिकेतील नट पॅट्रिक माइनहार्ट हे नाव आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानावर गेले असेल. मी इंग्रजी कथांच्या वाटेने त्याच्यापर्यंत पोहोचलो. त्या कथांविषयी पुढे सांगणारच आहे. पण आधी त्याच्या नावाकडे जरा निरखून पाहावे. पॅट्रिक हे अस्सल आयरिश नाव, आणि माइनहार्ट हे बोअर आडनाव. बोअर म्हणजे डच वसाहतवाल्यांचे शेतकरी वंशज. ज्या दोन भाषांत हा नट आयुष्यभर वावरला, त्या अशा त्याच्या नावातच शेजारी शेजारी बसलेल्या आहेत.

त्याचा जन्म 12 जून 1932 रोजी ऑरेंज फ्री स्टेट प्रांतातील बेथुली या खेड्यात झाला. ऑरेंज नदीजवळचे हे कोरडे, लहानसे गाव. इंग्रज आणि बोअर यांच्या युद्धात, 1901-02 साली, इंग्रजांनी बोअर बायकामुलांसाठी तेथे छावणी उभारली होती. रोगराईने आणि उपासमारीने त्या एका छावणीत दीड हजारांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांतली बहुतेक मुले होती. माइनहार्टच्या जन्माच्या वेळी या गोष्टीला तीसच वर्षे झाली होती. अशा गावात इंग्रजी काय किंवा आफ्रिकान्स काय, कोणतीच भाषा नुसती बोलण्याचे साधन असू शकत नाही.

आफ्रिकान्सविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. केपमध्ये डच भाषा मळे-शेतांत आणि स्वयंपाकघरांत रुळली, तिच्यात गुलामांचे, मलायी लोकांचे, खोई जमातींचे शब्द व वळणे मिसळली आणि त्यातून ही भाषा झाली. प्रतिष्ठित लोक तिला स्वयंपाकघरातली भाषा म्हणून हिणवीत. 1925 साली तिला राजमान्यता मिळाली, आणि 1948 साली बोअरांचा राष्ट्रीय पक्ष सत्तेवर येताच ती राज्यकर्त्यांची भाषा झाली. एकेकाळची हिणवलेली भाषा दुसऱ्यांवर लादली जाऊ लागली. 1976 च्या जूनमध्ये सोवेटोतील शाळकरी मुले रस्त्यावर आली ती शाळांत आफ्रिकान्समधून शिकवण्याच्या सक्तीविरुद्धच, आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

माइनहार्टची कारकीर्द याच काळातली. आपल्या देशात आणि इंग्लंडमध्ये मिळून दीडशेहून अधिक नाटके आणि शंभराच्या घरात चित्रपट एवढा तिचा पसारा आहे. सगळ्याची जंत्री देण्यात अर्थ नाही. व्यावसायिक नटाच्या वाट्याला जे बरेवाईट येते ते त्याच्याही वाट्याला आले असणार. दोन चित्रपटांचा मात्र उल्लेख करतो. 'यानी टोटसीन्स' (1970) हा यान्स राउटेनबाखचा आफ्रिकान्स चित्रपट. तो घडतो वेड्यांच्या इस्पितळात, आणि ते इस्पितळ म्हणजे तेव्हाचा दक्षिण आफ्रिका देशच आहे, हे जाणत्या प्रेक्षकाला उमगल्यावाचून राहत नाही. त्यात माइनहार्ट होता. पुढे 1979 च्या 'झुलू डॉन' या इंग्रजी चित्रपटात तो ब्रिटिश अधिकारी झाला. बेथुलीत जन्मलेल्या बोअर आडनावाच्या माणसाने इंग्रजांच्या फौजेतला गणवेश चढवावा, ही गंमत त्याच्या गावच्या म्हाताऱ्यांना कशी वाटली असती कोण जाणे!

पण त्याचे नाव झाले ते एका एकपात्री प्रयोगाने. हर्मन चार्ल्स बोसमन (1905-1951) या लेखकाच्या कथा तो 1969 च्या सुमारास रंगमंचावर सांगू लागला. प्रयोगाचे नाव 'अ सिप ऑफ जेरेपिगो', म्हणजे जेरेपिगो या गोड मद्याचा एक घोट. बोसमन जन्माने आफ्रिकानर, पण लिही इंग्रजीत. तरुणपणी ग्रूट मारिको या आडवळणाच्या भागात तो काही महिने शाळामास्तर होता. त्याच साली, 1926 मध्ये, सुटीत घरी आला असता त्याच्या हातून सावत्र भावाचा खून झाला. फाशीची शिक्षा झाली, ती रद्द होऊन सक्तमजुरी मिळाली आणि चारएक वर्षांनी तो सुटला. मारिकोतल्या त्या थोड्या महिन्यांच्या शिदोरीवर त्याने जन्मभर कथा लिहिल्या. 'माफेकिंग रोड' हा त्याचा संग्रह 1947 साली निघाला.

यांतल्या पुष्कळ कथा ओम स्काल्क लौरेन्स नावाचा म्हातारा शेतकरी सांगतो. ओम म्हणजे काका. काका आफ्रिकान्स बोलणारे, कथा मात्र इंग्रजीत. वाक्ये इंग्रजी असली तरी त्यांचा ठेका, थांबण्याच्या जागा, बोलता बोलता भलतीकडे वळणे, सारे आफ्रिकान्सचे. मी यांतली एक कथा मोठ्याने वाचून पाहिली. शब्द सोपे होते, पण शिकलेल्या इंग्रजीच्या सुरात ती कथा जागच्या जागी मरून पडली. तिला पाहिजे तो असा नट, की ज्याच्या तोंडात इंग्रजी आहे आणि त्या इंग्रजीखाली दुसरी भाषा वाहते आहे. माइनहार्टपाशी ती होती, आणि ती कोणत्याही नाट्यशाळेत शिकवता आली नसती.

अडचण निराळीच होती. ओम स्काल्क हा आफ्रिकन माणसांविषयी त्याच्या काळचा बोअर शेतकरी जे बोलेल तेच बोलतो, तितक्याच निर्दयपणे आणि तितक्याच सहजपणे. बोसमनचा उपरोध त्याच्या शब्दांच्या मागे दडलेला असतो. एका कथेत लढाईत एक गोरा आणि त्याला मारणारा आफ्रिकन असे दोघेही जवळजवळ मरून पडतात. काही महिन्यांनी गोऱ्याची हाडे नीट पुरावी म्हणून लोक जातात, तो दोघांची हाडे एकत्र मिसळलेली. कोणते हाड कोणाचे, हे कसे ठरवायचे? कशीबशी निवड करून गोऱ्याचे दफन होते. पुढे त्या कबरीवर एक पिवळा कुत्रा येऊन बसू लागतो. तो असतो त्या आफ्रिकनाचा. आता ही कथा सांगणाऱ्याने डोळा मिचकावला की संपली. आणि म्हाताऱ्याच्या मतांना नुसतेच लाडिक केले तर प्रेक्षक त्याच्यावर न हसता त्याच्याबरोबर हसून घरी जाणार. नटाने चेहरा कोरा ठेवून मध्ये उभे राहायचे. एकपात्री प्रयोगात सावरून घ्यायला दुसरे पात्रही नसते.

प्रेक्षकांचाही विचार केला पाहिजे. 1963 साली अनेक ब्रिटिश नाटककारांनी वर्णभेद पाळणाऱ्या नाट्यगृहांना आपली नाटके देणार नाही असे जाहीर केले. 1965 च्या सरकारी फर्मानानंतर गोऱ्यांच्या आणि इतरांच्या प्रेक्षागृहांत बसण्यावर अधिकच कडक बंधने आली, ती सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस सैल झाली. म्हणजे हा प्रयोग सुरू झाला तेव्हा त्यातल्या उपरोधाचे लक्ष्य असलेलेच लोक बहुतांशी समोर खुर्च्यांवर बसलेले, आणि ज्यांच्याविषयी म्हातारा बोलतो ते बाहेर. हसणाऱ्यांपैकी कितीजणांना ते हसू टोचले? या प्रयोगाने एखादा कायदा बदलला असे मी म्हणणार नाही. पण उघड निषेधाच्या नाटकाला जो प्रेक्षक कधीच गेला नसता, तो या ओमकडे तिकीट काढून जाई, आणि त्याला त्याच्याच घरातल्या आवाजात ही हाडांसारखी गोष्ट ऐकावी लागे, याचे मोल मला कमी वाटत नाही. माइनहार्टला निव्वळ विनोदी कथाकथनकार मानणाऱ्यांशी म्हणूनच माझे जुळत नाही.

सुरुवातीला सदतीस वर्षांचा हा नट म्हाताऱ्याचे सोंग घेई. दशकामागून दशके तो ओम स्काल्क करीत राहिला आणि हळूहळू त्याचेच वय पात्राच्या वयाला जाऊन मिळाले. पुढे पुढे सोंगाची गरज उरली नसावी. 2003 साली त्याने आत्मचरित्र लिहिले, 'बॉय फ्रॉम बेथुली'. त्यावरून त्याने एकपात्री प्रयोगही बसवला. या खेपेस दुसऱ्याचा म्हातारा नव्हता. त्याचे स्वतःचे गाव होते आणि स्वतःचे बालपण. तो प्रयोग घेऊन तो लंडनला गेला. इंग्रजांच्या राजधानीत बेथुलीच्या पोराची गोष्ट सांगण्याचे ते दिवस चालू असतानाच, 25 ऑक्टोबर 2007 रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, तेथेच त्याचा मृत्यू झाला.