भाष्यकार राशी

फ्रान्सच्या शाम्पेन प्रांतातील त्र्वा या गावी इ. स. १०४० च्या सुमारास श्लोमो यित्झाकी यांचा जन्म झाला. ‘रब्बी’ म्हणजे धर्मशास्त्राचा गुरू. रब्बी श्लोमो यित्झाकी या नावाच्या आद्याक्षरांवरून ज्यू समाज त्यांना ‘राशी’ म्हणतो. आपल्या ज्योतिषातील राशींशी या नावाचा काही संबंध नाही.

ज्यू लोकांच्या पवित्र ग्रंथसंग्रहाला ‘तनख’ म्हणतात. त्यातील पहिले पाच ग्रंथ म्हणजे ‘तोरा’. चर्मपत्राच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेला तोरा प्रार्थनामंदिरात दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, थोडाथोडा वाचला जातो. वर्षभरात पारायण पूर्ण होते आणि लगेच पहिल्या ओळीपासून पुन्हा आरंभ होतो. तोराच्या जोडीचा दुसरा महाग्रंथ ‘तालमूद’. धर्मनियमांवर शतकानुशतके झालेल्या चर्चांचे हे संकलन मुख्यतः ॲरमाइक भाषेत आहे. त्यात विरामचिन्हे नव्हती. प्रश्न कोठे संपला आणि उत्तर कोठे सुरू झाले, हेही नवख्याला उमगत नसे. जवळ गुरू नसेल, त्याच्यासाठी हा ग्रंथ जवळजवळ बंदच होता.

राशींनाही गुरूंच्या शोधात घर सोडावे लागले. ऱ्हाइन नदीकाठच्या माइन्झ आणि वर्म्स या नगरांत तेव्हा नामांकित विद्यापीठे होती. विवाह झालेला, अन्नवस्त्राची चणचण, अशा स्थितीत त्यांनी तेथे अध्ययन केले. पुढे ते त्र्वाला परतले आणि शिष्यांना शिकवू लागले. द्राक्षमळ्यांवर त्यांचा चरितार्थ चाले, असे परंपरा सांगते.

त्यांचे खरे कार्य म्हणजे तनखमधील बहुतेक ग्रंथांवर आणि तालमूदच्या बहुतांश भागावर लिहिलेले भाष्य. ज्ञानेश्वरीप्रमाणे ते लोकभाषेत नाही. ते हिब्रूतच आहे. परंतु अवघड शब्द आला, की राशी त्याचा अर्थ शेजारीपाजारी बोलल्या जाणाऱ्या फ्रेंच भाषेत, हिब्रू अक्षरांत लिहून देतात. असे काही हजार शब्द त्यांच्या भाष्यांत आहेत. जुन्या फ्रेंच भाषेचे अभ्यासक आजही त्यांचा आधार घेतात! वाचक नेमका कोठे अडेल, हे ओळखून तेवढेच सांगायचे, ही त्यांची रीत. पांडित्याचा आव कोठेही नाही. तोरामध्ये एके ठिकाणी रिबेका ही याकोब आणि एसाव यांची आई, असा उल्लेख येतो. ही गोष्ट आधीच ठाऊक असताना पुन्हा का सांगितली? येथे राशी आपल्याला याचे कारण माहीत नाही, असे सरळ लिहून मोकळे होतात. एवढ्या मोठ्या आचार्याने ही कबुली लेखी ठेवावी, हे मला त्यांच्या विद्वत्तेहूनही मोलाचे वाटते.

इ. स. १०९६ मध्ये धर्मयुद्धासाठी निघालेल्या जमावांनी ऱ्हाइनकाठच्या ज्यू वस्त्यांवर हल्ले केले. राशी जेथे शिकले, त्या वर्म्स आणि माइन्झमध्ये शेकडो लोक मारले गेले. काहींना बळाने धर्मांतर करावे लागले. त्यांतील जे स्वधर्मात परतले, त्यांचा अवमान होऊ नये, अशी राशींची भूमिका होती. त्र्वा मात्र या संहारातून वाचले आणि ऱ्हाइनकाठची विद्या राशींच्या शिष्यांच्या हाती सुरक्षित राहिली.

राशींना मुलगे नव्हते. मुलींच्या घरी मोठे विद्वान निपजले. नातू श्मुएल तर आजोबांशी वाद घाली. पारंपरिक कथांपेक्षा मूळ वाक्याच्या सरळ अर्थाकडे अधिक लक्ष द्यावे, असे त्याचे म्हणणे. सवड मिळाली असती तर आपण भाष्य नव्याने लिहिले असते, असे आजोबांनी मान्य केल्याचे या नातवानेच नमूद केले आहे. ती सवड मिळाली नाही.

इ. स. १४७५ मध्ये इटलीत छापलेले राशींचे तोराभाष्य हे मुद्रणकाल नोंदलेले सर्वांत जुने ज्ञात हिब्रू पुस्तक होय. तालमूदच्या छापील पानावर मध्यभागी मूळ मजकूर आणि शिवणीच्या बाजूस राशींचे भाष्य, ही मांडणी आजही रूढ आहे.

इ. स. ११०५ मध्ये राशींचे निधन झाले. तालमूदच्या ‘मक्कोत’ या प्रकरणात एका पानावर त्यांचे भाष्य मध्येच थांबते. गुरूंनी येथे देह ठेवला, यापुढील लेखन शिष्य यहूदा बेन नातान यांचे आहे, अशी नोंद तेथेच आहे. हे यहूदा त्यांचे जावई. त्यानंतरच्या ओळीपासून अर्थविवरण पुढे चालू होते.