कडेची मिती

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सुरतेला मामांकडे गेले होते. मामा साड्या छापणाऱ्या कारखान्यात आहेत. नक्षीचा एकच तुकडा शेजारी शेजारी छापत गेले तरी साडीभर कोठे फट दिसू नये, हे त्यांचे रोजचे काम. त्या तुकड्याची कड (आमच्या घरच्या कन्नडमध्ये अंचु) सरळच हवी असे नाही. ती कितीही नागमोडी चालते. ते पाहताना मला आमच्या गणिताच्या सरांनी सांगितलेले हाउसडॉर्फ आठवले.

फेलिक्स हाउसडॉर्फ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८६८ रोजी ब्रेस्लाऊ येथे झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. वडील कापडाचे सधन व्यापारी. मुलाला व्हायचे होते संगीतकार; वडिलांना ते पसंत पडले नाही, म्हणून तो गणिताकडे वळला. (आमच्या वर्गातील निम्म्या जणांना येथे आपले घर आठवेल!) लाइपझिगला १८९१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. टोपणनावाने कविता आणि तत्त्वचिंतन लिहिले. एक नाटक तर अनेक शहरांत रंगमंचावर आले. आम्हा कॉमर्सवाल्यांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे ते तेथील व्यापारी विद्यालयातही शिकवीत. १९०१ मध्ये त्यांच्या प्राध्यापकपदासाठी विद्यापीठात मतदान झाले, तेव्हा सात जणांनी ते ज्यू आहेत म्हणून विरोध केला. तरी नेमणूक झाली.

त्यांचे संचसिद्धान्तावरील १९१४ चे पुस्तक जगप्रसिद्ध आहे. मला मात्र ओढ वाटते ती १९१८ मधील निबंधाची. रेषेची मिती १, पृष्ठाची २, हे आपण शाळेत शिकलो. मिती अपूर्णांकातही असू शकते, हे त्यांनी दाखविले. गॉस्परच्या नावाचा एक दंतुर आकार आहे. तो पुष्कळ नंतरचा. असे ७ तुकडे जुळविले की तोच आकार मोठा होऊन मिळतो. क्षेत्रफळ ७ पट, म्हणून रुंदी सुमारे २.६५ पट. कड सरळ असती तर तीही तेवढीच वाढली असती. पण मोठ्या आकाराच्या कडेत लहान कडेएवढ्या पुऱ्या ३ कडा बसतात! हिशेब केला की या कडेची मिती सुमारे १.१३ येते. कापड धुतल्यावर लांबीला एक आणि रुंदीला दुसऱ्याच प्रमाणात आटते. तशा दोन प्रमाणांनी वाढणाऱ्या तुकड्यांची कड मोजणे फारच अवघड. गणिती आजही त्यात गुंतले आहेत, आणि त्यांच्या हातातले माप हाउसडॉर्फ यांचेच आहे.

१९३५ मध्ये ते बॉनहून निवृत्त झाले. १९३९ मध्ये अमेरिकेत जाण्याची खटपट केली, ती फसली. १९४२ च्या जानेवारीत त्यांना घर सोडून एंडेनिखच्या छावणीत जाण्याचा हुकूम आला. पुढे काय होणार हे त्यांना कळून चुकले होते. आपण ज्या तारखेला झेंडावंदन करतो त्याच २६ जानेवारीला त्यांनी, पत्नी शार्लोट यांनी आणि मेहुणीने मिळून आपले जीवन संपविले. हस्तलिखिते त्यांनी आधीच हान्स बॉनेट या मित्राकडे सोपविली होती. बॉनेट इजिप्तच्या प्राचीन विद्येचे अभ्यासक. गणिताशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी ती सुमारे २६ हजार पाने जपून ठेवली.