हरिभाऊंची पहिली कादंबरी

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली सुरू झाले. त्याच वर्षी ८ मार्च रोजी खानदेशातील पारोळे येथे हरी नारायण आपटे यांचा जन्म झाला. सामाजिक मराठी कादंबरीचा पाया घालणारे लेखक म्हणून हरिभाऊ सर्वपरिचित आहेत. मात्र ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ज्यांच्या कपाटात पहिल्या कादंबरीची वही अर्धवट पडून आहे, त्यांनी हरिभाऊंच्या गाजलेल्या कादंबऱ्यांइतकेच त्यांच्या पहिल्या प्रयत्नाकडेही पाहायला हवे.

हरिभाऊंची आई त्यांच्या बालपणीच वारली. वकील असलेले काका महादेव चिमणाजी आपटे यांचा त्यांना मोठा आधार होता. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर अशा शिक्षकांचा सहवास त्यांना लाभला. पुढे महाविद्यालयात गणित आडवे आले आणि पदवी हुकली ती कायमचीच. वाचनात मात्र खंड पडला नाही. आगरकरांनी केलेल्या ‘हॅम्लेट’च्या भाषांतरावर या तरुण विद्यार्थ्याने ७२ पानांची टीका लिहिली. कादंबरीला हात घालण्यापूर्वी दुसऱ्याचे लेखन इतक्या बारकाईने तपासण्याची सवय त्यांनी स्वतःला लावून घेतली होती.

१८८५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ‘पुणे वैभव’ या पत्रातून त्यांची ‘मधली स्थिती’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध होऊ लागली. ‘मुक्तामाला’सारख्या अद्भुतरम्य कथांवर पोसलेल्या वाचकाला समकालीन सुशिक्षितांचे चित्र दाखवण्याचे धाडस त्यात होते. पण कथेचा आराखडा त्या काळी हिंदुस्थानात आवडीने वाचल्या जाणाऱ्या रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाकडून घेतलेला होता. माणसे पुण्याची आणि सांगाडा लंडनचा, अशी ती जुळणी होती.

हरिभाऊंचे मोठेपण त्यानंतरच्या वाटचालीत आहे. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. या वेळी त्यांनी परका सांगाडा बाजूला ठेवला. यमुना नावाची मुलगी माहेर, सासर, पतीसोबतचे मुंबईतील थोडेसे मोकळे दिवस, वैधव्य आणि बळजबरीने झालेले केशवपन हे सारे स्वतःच सांगते. माजघरातली, बायकांच्या तोंडची भाषा छापील मराठीत एवढ्या सहजतेने क्वचितच उतरली होती. सुधारणेवर व्याख्यान देण्याऐवजी एका घरातले रोजचे बोलणे लेखकाने ऐकवले. वाचकाला हलवले ते त्यानेच.

दर आठवड्याचा अंक निघायलाच हवा, या बंधनाने हरिभाऊंच्या लेखनाला शिस्त लावली. सामाजिक कादंबऱ्यांबरोबर ‘उषःकाल’सारख्या ऐतिहासिक कादंबऱ्या आणि स्फुट गोष्टीही त्यांनी लिहिल्या. या सक्तीची किंमतही त्यांना मोजावी लागली. कथानके पसरली, पाल्हाळ वाढला, काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. नवोदितांनी त्यांच्याकडून नियमितपणा जरूर घ्यावा. पण प्रकरणे हप्त्याने छापण्याची घाई आज कुणावर नाही. लिहून झालेले पुन्हा वाचून कापण्याची जी सवड हरिभाऊंना क्वचितच मिळाली, ती आजच्या लेखकाने वाया घालवू नये.

हरिभाऊंनी पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळले, तसेच १९१२ साली अकोला येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही भूषविले. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आजही ठाण्यात आहे. पहिली कादंबरी लिहू पाहणाऱ्याने हरिभाऊंची ‘मधली स्थिती’ आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ या दोन्ही कादंबऱ्या मिळवून लागोपाठ वाचाव्यात. उसन्या कथेपासून स्वतःच्या घरातल्या आवाजापर्यंत पोहोचायला हरिभाऊंना पाच वर्षे लागली. पहिला प्रयत्न फसला म्हणून वही मिटून ठेवणाऱ्यांना एवढा धीर पुरेसा आहे.