जोडे शिवणाऱ्या दुकानातून

आजचे वाचन : १ करिंथ १:२६-२९



आजच्या भागात पौल करिंथच्या मंडळीला आठवण करून देतो की देवाने त्यांना बोलावलं, तेव्हा त्यांच्यात फार शिकलेले किंवा मोठ्या घराण्यातले लोक थोडेच होते. हे वाचताना मला विल्यम कॅरी आठवतात. संडेस्कूलमध्ये आपण त्यांचं नाव महान मिशनरी म्हणून ऐकतो. मग होतं काय, की ते आपल्यासारखे नव्हतेच असं आपण धरून चालतो. म्हणून आज त्यांच्या आजूबाजूच्या माणसांकडेही बघू या.

कॅरींचा जन्म १७६१ साली इंग्लंडमधल्या पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील आधी विणकर, मग गावच्या शाळेत मास्तर. कॉलेज वगैरे नाहीच. लहान वयातच ते जोडे शिवायचं काम शिकायला लागले. त्याच दुकानात जॉन वॉर नावाचा आणखी एक शिकाऊ मुलगा होता. तो कॅरींशी येशूबद्दल बोलायचा. वाद व्हायचे, तरी तो बोलत राहिला. हळूहळू कॅरी त्याच्याबरोबर प्रार्थनासभेला जाऊ लागले आणि त्यांनी आपलं जीवन प्रभूला दिलं. जॉन वॉर पुढे काही प्रसिद्ध झाला नाही. त्याने फक्त शेजारी बसणाऱ्याला सांगितलं होतं.

कॅरी जोडे शिवत, शाळा चालवत, उपदेश करत आणि उरलेल्या वेळात लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकत. १७९२ मध्ये केटरिंग गावी मिशन सोसायटी सुरू झाली, तेव्हा जमलेल्यांनी कबूल केलेली वर्गणी होती जेमतेम १३ पौंड. पुढच्या वर्षी कॅरी कुटुंबासह बंगालमध्ये उतरले.

इथून पुढची गोष्ट सोपी नाही. पत्नी डॉरोथी यांची यायची तयारी नव्हती, अगदी शेवटी त्या तान्ह्या बाळाला घेऊन निघाल्या. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर आजारपणात गेला. त्यानंतर डॉरोथींचं मन पार ढासळलं, आणि १८०७ मध्ये वारेपर्यंत त्या सावरल्या नाहीत. सेवेची किंमत म्हणून हे पटकन गुंडाळून टाकणं मला जमत नाही. देव एखाद्याला वापरतो म्हणजे त्याच्या घरात सगळं ठीक असतं, असं नाही.

आणि कामाचं फळ? सात वर्षं झाली तरी एकाही बंगाली माणसाचा बाप्तिस्मा झाला नव्हता. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे दोन आठवड्यांनी डेमो द्यावा लागतो. सात वर्षं दाखवायला काहीच नाही, हे नुसतं ऐकूनही मला जड जातं.

मग कलकत्त्याजवळच्या सेरामपूरमध्ये कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला. मिशनचे डॉक्टर जॉन थॉमस यांनी तो बसवला आणि त्याला येशूबद्दल सांगितलं. २८ डिसेंबर १८०० रोजी कॅरींनी हुगळी नदीत त्याला बाप्तिस्मा दिला. पुढे तो सुतारच सुवार्तिक झाला, त्याने भक्तिगीतंही लिहिली.

भाषांतराचं कामसुद्धा कॅरींनी एकट्याने केलं नाही. विल्यम वॉर्ड छापखाना सांभाळत, पंचानन कर्मकार अक्षरांचे खिळे घडवत, मराठीसाठी वैजनाथ पंडित मदत करत. १८०५ मध्ये कॅरींचं मराठी व्याकरण छापलं गेलं आणि १८११ मध्ये मराठी नवा करार. १८१२ मध्ये छापखान्याला आग लागली आणि कित्येक वर्षांची हस्तलिखितं जळाली. कॅरी परत पहिल्या पानापासून लिहायला बसले. १८३४ मध्ये वारेपर्यंत ते सेरामपूरलाच राहिले.

आता मागे वळून बघा. शिकाऊ चांभार, डॉक्टर, सुतार, छपाई करणारा, खिळे घडवणारा, पंडित. यातल्या प्रत्येकाला आपल्या कामाचा शेवट दिसत नव्हता. आपल्या दुकानातल्या गप्पांमधून एक दिवस मराठी नवा करार छापला जाईल, हे जॉन वॉरला कसं कळणार होतं?

आपण म्हणतो, मला नीट बोलता येत नाही, माझं शास्त्राचं ज्ञान कमी आहे, माझ्या घरचेच प्रश्न सुटलेले नाहीत. पौलाचं म्हणणं ऐकलं तर या गोष्टी देवाला अडवत नाहीत. काम त्याचं आहे, म्हणून अभिमानही त्याच्याबद्दलच.

मननासाठी : ऑफिसमध्ये, लोकलमध्ये, हॉस्टेलवर तुमच्या शेजारी रोज कोण बसतं? आज त्या एका व्यक्तीचं नाव घेऊन प्रार्थना करा. आणि जमलं तर तिची विचारपूस करा.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, मी जसा आहे तसा तुझ्या हाती देतो. फळ दिसलं नाही तरी मला विश्वासू ठेव. येशूच्या नावाने, आमेन.