अर्नेस्ट शॅकल्टन

अर्नेस्ट शॅकल्टनचा जन्म १८७४ साली आयर्लंडमध्ये झाला. दक्षिण ध्रुव गाठावा, हा त्याचा ध्यास होता. १९०९ साली ध्रुव अवघा १८० किलोमीटर उरला असता अन्न संपत आले. तेव्हा सोबत्यांच्या प्राणांसाठी तो माघारी वळला.

१९१४ साली अंटार्क्टिका खंड ओलांडण्याच्या हेतूने तो ‘एन्ड्युरन्स’ जहाजातून निघाला. परंतु वाटेतच बर्फाने जहाजाला विळखा घातला व १९१५ च्या नोव्हेंबरात ते बुडाले. आता जहाजावरील २८ जणांचे प्राण वाचवावेत, एवढाच त्याचा संकल्प उरला. कित्येक महिने हिमखंडांवर काढून ते सर्व होड्यांतून एलिफंट बेटावर पोहोचले. तेथे २२ जणांना ठेवून शॅकल्टन पाच सोबत्यांसह एका होडीतून मदत आणावयास निघाला. खवळलेला सागर कापीत सोळा दिवसांनी तो साउथ जॉर्जिया बेटास लागला आणि तेथील हिमाच्छादित डोंगर ओलांडून त्याने मनुष्यवस्ती गाठली. पुढे तीन वेळा बर्फाने वाट अडविली. अखेर ३० ऑगस्ट १९१६ रोजी चौथ्या प्रयत्नात तो बेटावर पोहोचला. बावीसही जण जिवंत होते!

१९२२ साली साउथ जॉर्जियाच्या किनाऱ्याशी त्याचे निधन झाले. ध्रुवप्रदेश पाहावयास निघालेली प्रवासी जहाजे आजही तेथे थांबतात. ध्रुव न गाठलेल्या या वीराच्या थडग्यापुढे प्रवासी आदराने मस्तक लववितात.